रेड अलर्ट आला आणि बाहेर कडक ऊन, हे नक्की ठरवतं कोण?

— प्रश्नकर्ता
काल सकाळी मोबाईलवर मेसेज आला, पुणे जिल्ह्यात रेड अलर्ट, म्हणून मी वाळत घातलेली सगळी गोधडी-चादर आत घेतली आणि दिवसभर हडपसरला चार थेंब पण नाही पडले. असं का होतं?

— डोंगरभाऊ
मेसेज नीट वाचला का? "पुणे घाट" असेल. हवामान खातं घाटमाथ्याचा इशारा वेगळा देतं. ताम्हिणीत धो धो अन् हडपसरला ऊन, हे दरवर्षीचंच आहे.

— शेतकरी_गडी
आणि रंग म्हणजे नुसता पाऊस किती ते नाही. यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत रहा, रेड म्हणजे आता हालचाल करा. २४ तासात २०४.४ मिमीच्या वर पडला की "अत्यंत मुसळधार" म्हणतात. मी तर मंगळवार-शुक्रवारचा कृषी सल्लाच बघतो, फवारणी त्यावरच ठरते. विजेसाठी दामिनी ॲप टाका, पुण्याच्याच आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं केलंय, मागच्या जूनमधे त्यात लाल ठिपके दिसले म्हणून बैल झाडाखालून सोडून गोठ्यात नेले.

— डोंगरभाऊ
नाऊकास्ट, म्हणजे पुढच्या तीन तासांचा अंदाज, पण बघत जा, तो जास्त कामाचा. एसएमएस टॉवरच्या एरियावरून येतो, त्यामुळे गाडीत असाल तर दुसऱ्याच तालुक्याचा पण येतो.

— प्रश्नकर्ता
बघितला परत, खरंच "घाट" लिहिलंय 😅 गोधडी परत बाहेर.