समन्स येऊन ९७ दिवस झाले, कैफियत (दाव्याला लेखी उत्तर) अजून नाही

प्रश्न: पुरवठादाराने आमच्या भागीदारी फर्मवर कमर्शियल कोर्टात थकबाकीचा दावा लावलाय. समन्स स्टोअरकीपरने सही करून घेतलं आणि चलनांच्या फायलीत लावून टाकलं! वकील म्हणतात, "पुढच्या तारखेला मुदत मागू, घाबरू नका." घाबरू की नको?

उत्तर १: घाबरा. साध्या दाव्यात ९० दिवसांनंतरही कोर्ट कधीकधी सांभाळून घेतं. २०१५ च्या कमर्शियल कोर्ट कायद्याखाली समन्स बजावल्यापासून १२० दिवस उलटले की कैफियत रेकॉर्डवर घेताच येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हेच सांगितलंय. बजावणी भागीदाराला किंवा कारभार बघणाऱ्याला व्हायला हवी होती, असं भांडता येईल. पण त्या भरवशावर उरलेले २३ दिवस घालवू नका. तारखेची वाट न बघता दाखल करा, उशिराचं कारण देणारा अर्ज जोडा. उशिराबद्दल कोर्ट जी कॉस्ट (खर्चाची रक्कम) लावेल ती भरा.

उत्तर २: सोबत सत्यकथनाचं प्रतिज्ञापत्रही (कैफियतीतला मजकूर खरा आहे असं शपथेवर सांगणारं) लावा. आमचं राहिलं होतं, नुसती धावपळ.

प्रश्नकर्ता: आणि नाहीच जमलं तर?

उत्तर १: वादीच्या साक्षीदाराची उलटतपासणी घेता येते. स्वतःची बाजू मात्र मांडता येत नाही.