शेतावर मोठी जखम झाली तर: प्रशिक्षण आणि पेटीबद्दल सल्ला हवा

शिवारकर: घरी कडबाकुट्टी आहे, आता ऊसतोड सुरू होईल. मोठं रुग्णालय पाऊण तासावर. पेटीत कापूस, डेटॉल आणि चिकटपट्ट्या, बस. कोयता खोल लागला तर याने काय होणार? काय ठेवावं, शिकावं कुठे?

अपघात_विभाग_सिस्टर: दादा, आधी शिका, मग खरेदी. सेंट जॉन ॲम्ब्युलन्स आणि रेडक्रॉस प्रथमोपचाराचे वर्ग घेतात, जिल्हा शाखेत विचारा. एकट्याने जाऊ नका. शिकलेल्यालाच कोयता लागला तर? घरातल्या बायकांना आणि टोळीच्या मुकादमालाही न्या.

तोवर एवढं पक्कं करा: जखमेवर स्वच्छ कापड ठेवून दोन्ही तळव्यांनी, अंगाचा भार टाकून दाबायचं. थांबलं का म्हणून सारखं उचलून बघायचं नाही. जांघेत किंवा काखेत खोल जखम असेल तर गॉझ (जखमेसाठीचं जाळीदार सुती कापड) आत कोंबून वरून दाबायचं. पोटात, छातीत मात्र काहीही कोंबायचं नाही. रुतलेली वस्तू उपसू नका. हळद, चुना, कॉफी अजिबात नको, नंतर जखम साफ करताना फार त्रास होतो.

सह्यवाट: आमच्या ट्रेकच्या पिशवीत हातमोजे, गॉझचे रोल, जाड ड्रेसिंग पॅड, रुंद क्रेप बँडेज, कात्री, मार्कर आणि टूर्निकेट असतं. टूर्निकेट म्हणजे रुंद पट्टा आणि पीळ द्यायचा दांडा. स्वस्तातलं नकली घेऊ नका, ऐन वेळी दांडा मोडतो. सुतळी किंवा वायर तर नकोच, मांसात रुतते.

शिवारकर: पण पट्टा आवळला की हात जातो म्हणतात ना?

अपघात_विभाग_सिस्टर: दोन तासांच्या आत रुग्णालयात पोचलात तर ती भीती फार कमी. दाबूनही हातापायाचं रक्त थांबत नसेल तेव्हाच लावा. जखमेच्या दोन-तीन इंच वर, सांध्यावर नाही, रक्त थांबेपर्यंत पिळा. रुग्ण ओरडेल, दुखतंच ते. वेळ लिहून ठेवा आणि वाटेत सैल करू नका.

कडबाकुट्टीत बोट तुटलं तर ते ओल्या स्वच्छ गॉझमध्ये गुंडाळून बंद पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर नको.

१०८ ला एकाने फोन करायचा, दुसऱ्याने दाबून धरायचं. रस्ता सांगायला वस्तीच्या फाट्यावर कुणाला तरी उभं करा.