'ऑगस्टा' हा किताब म्हणजे सत्ता की नुसता मान?

रानजाई

रोमन साम्राज्याचा विषय निघाला की एक वाक्य हटकून ऐकू येतं: राजघराण्यातल्या बायकांना 'ऑगस्टा' किताब मिळायचा, म्हणजे त्यांचा राज्यकारभारात वाटा होता. मला हे अजिबात पटत नाही, म्हणून हा धागा.

सम्राट 'ऑगस्टस', आणि त्याच्या घरातल्या निवडक बायका 'ऑगस्टा'. पण ऑगस्टसच्या हाती सैन्य होतं, ट्रिब्यूनचे, म्हणजे सामान्य जनतेच्या प्रतिनिधीचे, अधिकार होते. ऑगस्टाच्या हाती काय होतं?

लिव्हियाचंच बघा. इ.स. १४ मध्ये तिचा नवरा, पहिला सम्राट ऑगस्टस वारला. मृत्युपत्रात त्याने आपल्या बायकोलाच दत्तक घेतलं आणि ती 'जूलिया ऑगस्टा' झाली. सिनेटला मग आणखी उत्साह आला: तिला देशाची माता म्हणा, तिचा मुलगा, नवा सम्राट टायबेरियस याच्या नावापुढे 'जूलियाचा मुलगा' लावा. टायबेरियसने सगळं फेटाळलं. बायकांना मान देताना हात आखडता असावा, असं त्याचं म्हणणं रोमन इतिहासकार टॅसिटसने नोंदवलंय. अधिकाऱ्यांपुढे काठ्यांची मोळी घेऊन चालणारे सेवक असत, तसा एक सेवकसुद्धा त्याने आईला मिळू दिला नाही. २९ मध्ये ती गेली. मुलगा अंत्यविधीला फिरकला नाही, तिचं मृत्युपत्र त्याने अडवून धरलं, तिला देवत्वही देऊ दिलं नाही. ते तिला मिळालं ४२ मध्ये, नातू क्लॉडियस गादीवर आल्यावर, कारण आता त्याला आपल्या कुळात एखादं दैवत हवं होतं!

किताब कधी मिळायचा तेही बघा. सम्राट नीरोने बायको पोपियाला तो ६३ मध्ये दिला, मुलगी झाली म्हणून. त्या तान्ह्या मुलीलाही दिला. बिचारी चार महिन्यांच्या आत गेली. पुढे सम्राट झालेल्या मार्कस ऑरेलियसची बायको, धाकटी फॉस्टिना १४७ च्या ३० नोव्हेंबरला बाळंत झाली आणि दुसऱ्या दिवशी ऑगस्टा झाली. उलट क्लॉडियसच्या बायकोला, मेसालिनाला, ४१ मध्ये मुलगा झाला, सिनेट किताब द्यायला तयार होतं, क्लॉडियस नको म्हणाला, संपला विषय. ज्या गोष्टीचं देणं-न देणं पूर्णपणे दुसऱ्याच्या मर्जीवर आहे, तिला सत्ता कसं म्हणायचं?

नाणेवेडा

असहमत. क्लॉडियसची पुढची बायको, नीरोची आई धाकटी अग्रिपिना, तिला का वगळलंत? तिला ५० मध्ये किताब मिळाला तेव्हा क्लॉडियस जिवंत होता, राज्य करत होता. हयात सम्राटाच्या बायकोला हा मान पहिल्यांदाच मिळत होता. ५१ मध्ये ब्रिटनचा कैदी राजा काराटाकस रोममध्ये आणला, तेव्हा अग्रिपिना वेगळ्या चौथऱ्यावर, सैन्याच्या निशाणांसमोर बसली होती, आणि कैद्यांनी सम्राटाइतकीच तिचीही स्तुती केली. रोमन निशाणांसमोर बाईने असं बसणं टॅसिटसला खटकलं, यातच सगळं आलं.

आता ५४ सालचं सोन्याचं नाणं घ्या. नीरो नुकताच सम्राट झालाय. दर्शनी बाजूला आई आणि मुलगा समोरासमोर, दोघांचे चेहरे सारख्या आकाराचे. कडेने मजकूर आहे तो आईचा: 'अग्रिपिना ऑगस्टा, देव क्लॉडियसची पत्नी, नीरो सीझरची आई'. सम्राटाचं नाव कुठे? मागच्या बाजूला, ओकच्या पानांच्या माळेभोवती. ज्याचं नाव पुढे, त्याचा मान मोठा, हे तिथल्या बाजारातल्या माणसालाही कळत होतं.

रानजाई

नाणेवेडा, नाणं तुम्ही सुंदर उलगडून दाखवलंत. पण लगेच पुढच्या वर्षीचं, ५५ चं नाणंही दाखवा ना. त्यात दोघांची तोंडं एकाच दिशेला, नीरो पुढे, आई मागे झाकलेली, आणि दर्शनी बाजूचा मजकूर नीरोचा. आईचं नाव मागच्या बाजूला गेलं. त्यानंतर ती रोमच्या नाण्यांवरून नाहीशी झाली आणि ५९ मध्ये मुलाने तिला मारून टाकलं. किताब या सगळ्या काळात तिच्याकडेच होता. त्याने तिला काय वाचवलं? तिची सत्ता होती हे मी नाकारत नाही. ती आई म्हणून होती, आणि मुलाचं मन फिरलं त्या दिवशी संपली.

वकीलसाहेब

कायद्याचा मुद्दा निघालाच आहे तर उल्पियन बघावा. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा हा कायदेपंडित म्हणतो की सम्राटाला कायद्याचं बंधन नाही. ऑगस्टाला मात्र आहे, तरी सम्राट आपल्याकडचेच विशेषाधिकार तिलाही देतात. जस्टिनियनच्या ५३३ च्या संहितेत हे वाक्य राहिलंय.

माझ्या मते इथे रानजाई आणि नाणेवेडा दोघांचाही मुद्दा अर्धा खरा आहे. अधिकार मूळचा नाही, दिलेला आहे. पण दिलेला अधिकारही अधिकारच असतो. सुभेदाराचाही दिलेलाच होता, म्हणून त्याला कोणी शोभेचा म्हणत नाही.

कृष्णाकाठ

मूल झालं की किताब, हे गणित मला फार सोपं वाटतं. सम्राट ट्रेजनच्या बायकोला, प्लोटिनाला, मूल नव्हतं. पुढचा सम्राट हेड्रियन याच्या बायकोला, सबिनालाही नव्हतं. दोघी ऑगस्टा. शिवाय प्लोटिना आणि ट्रेजनची बहीण मार्सियाना यांनी हा किताब आधी नाकारला होता, आणि इ.स. १०० मध्ये लेखक आणि सिनेटर प्लिनीने भर सिनेटमध्ये त्याबद्दल त्यांचं कौतुक केलं. नकार देता येतो, तिथे बाईची स्वतःची काहीतरी पत असतेच.

आणि सम्राट सेव्हेरसची बायको, सम्राट काराकाल्लाची आई जूलिया डोम्ना? काराकाल्लाच्या काळात सम्राटाकडे येणारी पत्रं, अर्ज यांचा कारभार तिच्याकडे होता, असं इतिहासकार डिओ सांगतो. तो त्याच काळातला सिनेटर, ऐकीव बोलत नाही. तिच्या किताबांची यादी तर बघा: सम्राटाची, सैन्यतळांची, सिनेटची आणि देशाची माता. जे सिनेट लिव्हियाला द्यायला निघालं आणि टायबेरियसने अडवलं, ते दोनशे वर्षांनी डोम्नाला मिळालं.

रानजाई

कृष्णाकाठ, प्लोटिनाबद्दल तुमचं खरं आहे, तेवढा भाग मी बदलून म्हणते: वारसाची सोय लावायला जिचा उपयोग, तिला किताब. प्लोटिनाला मूल नव्हतं, पण हेड्रियनला गादीवर बसवण्यात तिचाच हात होता.

डोम्नाची यादी मात्र माझ्याच बाजूने बोलते. 'सैन्यतळांची माता' हा किताब आधी धाकट्या फॉस्टिनाचा, १७४ चा. सेव्हेरसचा मार्कस ऑरेलियसच्या घराण्याशी काही संबंध नव्हता. १९५ मध्ये त्याने परस्पर जाहीर केलं की मी मार्कसचा मुलगा, आणि त्याच वर्षी बायकोला फॉस्टिनाचा किताब दिला. त्याला घराणं जोडून घ्यायचं होतं. यात डोम्नाला कोणी विचारलं असेल असं मला वाटत नाही.

नाणेवेडा

पण फॉस्टिना १४७ मध्ये ऑगस्टा झाली तेव्हा तिचा नवरा मार्कस नुसता 'सीझर', म्हणजे सम्राटाचा वारस, होता आणि १६१ पर्यंत तसाच राहिला. चौदा वर्षं बायकोचा किताब नवऱ्याच्या वरचा! उपयोगासाठी दिला म्हणा, पण दरबारात रोज कोण कोणाच्या पुढे हे त्यानेच ठरत असणार.

बायझंट

सगळे पहिल्या तीन शतकांतच अडकलात. पाचव्या शतकात पूर्वेकडच्या राजधानीत, कॉन्स्टॅन्टिनोपलला या. पुल्केरिया ४१४ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी ऑगस्टा झाली. ती कोणाची बायको नव्हती, आई नव्हती, तिने कौमार्याचं व्रत घेतलं होतं. ४५० मध्ये भाऊ सम्राट दुसरा थिओडोसियस वारला तेव्हा मार्सियनशी नावापुरतं लग्न करून तिनेच त्याला सम्राटपद मिळवून दिलं. पुढे ४८४ मध्ये वेरिनाने, सम्राट पहिल्या लिओच्या विधवेने, टार्ससला बंडखोर लिओन्टियसच्या डोक्यावर स्वतः मुकुट ठेवला आणि शहरांना जाहीरनामा पाठवला की साम्राज्य आमचं आहे.

वकीलसाहेब

वेरिना तेव्हा इल्लस या सेनापतीच्या कैदेत होती. मुकुट तिच्या हाताने ठेवला, मर्जी त्याची.

बायझंट

कैदेत होती हे मान्य. पण इल्लसकडे सैन्य होतं, तो स्वतःच लिओन्टियसला सम्राट म्हणून जाहीर करू शकत होता. त्याने कैदेतल्या ऑगस्टाला बाहेर काढून तिच्या हातून मुकुट ठेववला. तिच्याशिवाय लोक मानणार नाहीत, हे त्याला माहीत होतं. आणि तिची मुलगी एरियाडनी कोणाच्या कैदेत नव्हती. ४९१ मध्ये तिचा नवरा सम्राट झेनो वारला. ती हिप्पोड्रोममध्ये, म्हणजे रथशर्यतींच्या मैदानात, राजघराण्याच्या सज्जात उभी राहिली, खाली जमलेले लोक तिच्याकडेच नवा सम्राट मागत होते. निवड तिच्यावर सोपवली गेली. तिने अनास्टासियस हा साठीचा दरबारी अधिकारी निवडला, त्याच्याशी लग्न केलं, आणि त्याने ५१८ पर्यंत राज्य केलं. रानजाई, टायबेरियसच्या रोममध्ये तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. एरियाडनीला तो किताब कोणी उसना दिला होता, तेवढं सांगा. देणारा सम्राटच त्या दिवशी उरला नव्हता.