उद्योगांवर जादा वीज कर लावून सोलर पंप, पण खोल बोअरवाल्यानं घ्यावा का?

औसा_शेती: राम राम मंडळी. २०२५ मधी सरकारनं ठरवलं ना की कारखाने, दुकानं यांच्या विजेवर जादा विक्री कर लावायचा अन् तो पैसा सोलर पंपाला द्यायचा, तेव्हापासून गावात सगळे म्हणायलेत की आता पंप भरपूर मिळणार. आमची ४ एकर जमीन, बोअर ४०० फुटाच्या पुढं. लाईटच्या कनेक्शनचं कोटेशन भरून बसलोत, आता सांगायलेत सोलर घ्या. एवढ्या खोलीवरून पाणी वर येतं का?

बीडचा_कापूस: दादा, मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत आपण फक्त १० टक्के भरायचे, एससी-एसटीला ५ टक्के, ५ वर्षं दुरुस्ती अन् विमा पण आहे. दिवसा पाणी मिळायलंय ही लय मोठी गोष्ट, नाहीतर रात्री बिबट्याच्या भीतीत दारं धरायची. पण पंप किती एचपीचा ते एकरावर ठरतं, अडीच एकरापर्यंत ३, पाचपर्यंत ५, त्याच्यावर साडेसात. तुम्हाला ५ चा बसतो. अन् आपल्याकडं खरी अडचण एकराची नाही, खोलीची आहे. माझी विहीर आहे म्हणून चाललं, शेजाऱ्याच्या खोल बोअरवर तोच ५ चा पंप ढगाळ दिवशी धारच धरत नाही, अन् कंट्रोलर बंद पडला तर वेंडरचा, म्हणजे पंप बसवणाऱ्या कंपनीचा, माणूस फोन उचलत नाही. नियमात खोली धरायलाच पाहिजे.

वाळूज_वर्कशॉप: मी कर भरणाऱ्या बाजूचा. आमची वीज आधीच महाग, शेतीच्या सवलतीचा भार क्रॉस सबसिडी म्हणून बिलात असतोच. तरी गावाकडं भावाची शेती आहे म्हणून सांगतो, पैसा खरंच पाण्याला लागत असेल तर मला हरकत नाही, पण जिथं पंप पाणीच ओढणार नाही तिथं तो बसवला तर दोघांचंही नुकसान. किती पंप बसले यापेक्षा बसल्यावर किती चालू आहेत याचा हिशेब विधानसभेत मागायला पाहिजे.

जालना_ठिबक: खोल बोअर असेल तर मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचं पण बघा. त्यात पंप तुमचा नेहमीचाच, तारेवरचा, फक्त फीडर, म्हणजे शेतीपंपांना वीज देणारी लाईन, सोलरवर जातो अन् दिवसा थ्री फेज मिळते. प्रकल्पाला जमीन दिली तर हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार भाडं, दरवर्षी ३ टक्के वाढ. अन् साडेसात एचपीपर्यंत एप्रिल २०२४ पासून ५ वर्षं बिल माफच आहे. म्हणून तुम्ही कनेक्शनचा हट्ट सोडू नका असं माझं मत, कारण सोलर पंप ज्यांच्याकडं लाईटचं कनेक्शन नाही त्यांच्यासाठी आहे, दोन्ही मिळत नाहीत.

बीडचा_कापूस: हे बरोबर. अन् सोलरच घ्यायचं ठरलं तर एप्रिल-मे मधी पाणी किती फुटावर जातं ते मोजून ठेवा, वेंडर निवडायच्या आधी त्याला त्या हेडवर, म्हणजे तेवढ्या खोलीवरून, दिवसाला किती लिटर येणार ते लिहून मागा.

औसा_शेती: हाव, आधी पाणी मोजतो. जालन्याचे दादा, तुमच्याकडं फीडर सोलरवर झालाय का? किती तास लाईट राहायली?