ओळींची अदलाबदल: पोरांना आधी सेड शिकवा, ऑक नंतर. पटतं का?

टर्मिनल_वऱ्हाडी (दारव्हा)
मुद्दा सरळ मांडतो. आमच्या इकडं कॉम्प्युटर क्लासमधे पोरं टायपिंग शिकतात, एक्सेल शिकतात, आणि एखादी टेक्स्ट फाईल हातात आली की जिथं वरची ओळ खाली अन् खालची वर करायची आहे तिथं कट-पेस्ट करत दुपार घालवतात. हे काम सेडचं आहे (सेड अन् ऑक म्हणजे लिनक्समधे कमांड देऊन टेक्स्ट फाईलीवर ओळीओळीनं काम करणारी साधनं) आणि सेडच आधी शिकवलं पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

उदाहरण घ्या. सोयाबीन बियाणं वाटपाची यादी, एका शेतकऱ्याच्या दोन ओळी, वर गट नंबर, खाली नाव. ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लावायची तर नाव वर पाहिजे, कारण माणूस आपलं नाव शोधत येतो. सेडला मायनस एन द्यायचं आणि चार अक्षरं: छोटा एच, छोटा एन, मोठा जी, छोटा पी, मधे अर्धविराम (अक्षरं इंग्रजीच दाबायची, इथं मराठीत लिहितोय). एच नं गट नंबराची ओळ होल्ड स्पेसमधे (सेडची ओळ तात्पुरती ठेवायची जागा) बाजूला ठेवली, एन नं पुढची म्हणजे नावाची ओळ आणली, मोठ्या जी नं ठेवलेली ओळ तिच्या खाली चिकटवली, पी नं छापलं. यादी कितीही लांब असो, सेड ओळीमागून ओळ वाचतो त्यामुळं जुना दोन जीबी रॅमचा डबाही रडत नाही. नेट नको, काही इन्स्टॉल करणं नको. याच्यापेक्षा सोपं काय पाहिजे?

संत्रापट्टा_मोर्शी
भाऊ, सोपं दिसते पण हे चार अक्षरं लय धोक्याचे आहेत. यादीत ओळी विषम असल्या, म्हणजे शेवटी एक ओळ उरली, तर छोट्या एन ले पुढची ओळच भेटत नाही, तो तिथंच बाहेर पडते आणि मायनस एन दिलेलं असल्यामुळे ती शेवटची ओळ छापतही नाही. ना एरर ना काही, ओळ गेली.

हे तरी शेवटचं झालं, खरी गोम मधात आहे. ज्यायची शेती मक्त्यानं हाय त्यायच्या नावावर गट नंबरच नसते, मंग अशा यादीत त्या माणसाची एकच ओळ येते, नुसतं नाव. तुमचं सेड दोन-दोन ओळी मोजत चाललं आहे, त्याले काय माहीत? त्या एका माणसापासून खाली सगळ्या जोड्या सरकल्या. याचा गट नंबर त्याच्या नावाखाली. अशी यादी बोर्डावर लावली तर गावात भांडणं लागतील, अन् कॉम्प्युटरनं काढली म्हणून लोक तिच्यावर भरोसा ठेवतील ते वेगळंच.

म्हणून माझं म्हणणं ऑक. ऑकमधे लिहायचं की ओळ आकड्यानं सुरू होत असेल तर व्हेरिएबलमधे ठेव आणि पुढं जा, नाही तर ती नावाची ओळ, ती छाप, मग ठेवलेला नंबर छाप आणि व्हेरिएबल रिकामं कर. नंबर रिकामाच असला तर एनआर म्हणजे ओळीचा नंबर एररच्या रस्त्यानं स्क्रीनवर दाखव. पाच-सहा ओळी होतात, पण उद्या दुसऱ्या पोरानं वाचल्या तर त्याले समजते काय चाललं आहे.

टर्मिनल_वऱ्हाडी (दारव्हा)
ताई, विषम ओळीचं उत्तर सेडमधेच आहे. डॉलर म्हणजे शेवटची ओळ, त्याच्यापुढं उद्गारचिन्ह लावलं की "शेवटची नसेल तर". पहिली तीन अक्षरं महिरपी कंसात टाकून समोर हे लावायचं आणि पी कंसाच्या बाहेर ठेवायचा. उरलेली ओळ जशीच्या तशी छापून येते. आणि आकड्याचा पॅटर्न सेडलाही देता येतो, आकड्यानं सुरू होणारी ओळ आली तर एच आणि डी (डी म्हणजे न छापता ओळ सोडून दे), बाकी सगळ्यांना मोठा जी.

संत्रापट्टा_मोर्शी
तेच तर! मोठा जी होल्ड स्पेस रिकामी करत नाही, फक्त कॉपी चिकटवते. म्हणजे मक्त्यावाल्याचं नाव आलं की त्याच्या खाली आधीच्या माणसाचा गट नंबर पुन्हा छापल्या जाते. जोड्या सरकण्यापेक्षा हे वाईट, कारण बाकी यादी बरोबर दिसते अन् चूक एकाच माणसाच्या नावावर बसते, तेही ज्याच्याकडं स्वतःची जमीन नाही त्याच्या. रिकामी करायची तर आणखी अक्षरं वाढवा, एक्स लावा, अदलाबदल करा, मंग तुमचं "चार अक्षरात काम" कुठं राहिलं?

चांदूरचा_जुना_ऑपरेटर
तुम्ही दोघंही हजारो ओळींबद्दल बोलून राहिले. रोजचं काम काय असते? यादीत दोन नावं खालीवर झाली, तेवढी दुरुस्त करायची. त्याच्यासाठी ईडी नावाचा जुना टेक्स्ट एडिटर आहे, युनिक्सवाल्या केन थॉम्पसननी १९६९ मधे लिहिलेला. चौथी आणि पाचवी बदलायची तर चार एम पाच. एम म्हणजे मूव्ह, चौथी ओळ पाचवीच्या मागं नेऊन ठेव. दूरच्या ओळी असल्या, समजा तिसरी आणि सातवी, तर आधी सात एम तीन, मग तीन एम सात. हाच क्रम पाळायचा, उलटा केला तर भलतंच होते.

आणि ईडीची खरी किंमत ऐका. फाईल उघडली की किती बाइट वाचल्या ते सांगतो, सेव्ह करायला डब्ल्यू दाबलं की किती लिहिल्या ते सांगतो. अदलाबदलीत अक्षरं कमीजास्त होत नाहीत, म्हणून दोन्ही आकडे सारखेच यायला पाहिजे. सातवी ओळच फाईलीत नसली तर प्रश्नचिन्ह दाखवतो आणि काही करत नाही. सेडला "चौथीवर एच-डी, पाचवीवर मोठा जी" सांगितलं आणि फाईल चार ओळींचीच निघाली तर चौथी ओळ सरळ गायब. चूक झाली की थांबणारं साधन पोरांच्या हातात आधी द्या.

धानवाला_सिंदेवाही
कृतिदेवचं, म्हणजे यूनिकोडच्या आधीच्या देवनागरी फाँटचं, कोणी बोललंच नाही. आमच्याकडं जुन्या याद्या सगळ्या कृतिदेवमधल्या. त्यात बरीच अक्षरं अशा बाइटमधे असतात की ज्या यूटीएफ-८ (यूनिकोड मजकूर साठवायची आजची पद्धत) म्हणून वैधच नाहीत. नेटवर जो सेडचा दुसरा प्रकार सगळीकडं सापडतो, मोठ्या एन नं दोन ओळी एकत्र घ्यायच्या आणि ठिपका-ताऱ्यानं (म्हणजे "कितीही, कोणतीही अक्षरं") पकडून उलट्या छापायच्या, तो इथं फसतो, कारण ग्नू सेडचा ठिपका त्या अवैध बाइटला जुळत नाही. ती जोडी नीट बदलत नाही, ओळींचे तुकडेच इकडंतिकडं होऊ शकतात, आणि बाकीच्या बरोबर बदलतात. एलसी_ऑल बरोबर सी असं कमांडच्या आधी लिहिलं की सुटतं. एच-जी वाला प्रकार किंवा ऑकमधे पूर्ण ओळ छापणं, याला हा त्रास नाही, ओळीच्या आत कोणी बघतच नाही. त्यामुळे होल्ड स्पेसवर एवढा राग नको.

बीएस्सी_दिग्रस
दादा मधेच विचारतो, सेडचं आउटपुट बाणानं त्याच फाईलीत वळवलं तर चालते का?

टर्मिनल_वऱ्हाडी (दारव्हा)
अजिबात नको रे बाबू. सेड सुरू व्हायच्या आधीच शेल (आपल्या कमांड चालवणारा प्रोग्राम) ती फाईल लिहायला उघडतं आणि रिकामी करून टाकतं, सेडला वाचायला काही उरतच नाही. वेगळ्या नावानं काढ, किंवा मायनस आय ला चिकटून टिंब बॅक लिही, मूळ प्रत त्या नावानं राहते. आणि बदल झाल्यावर जुनी अन् नवी दोन्ही सॉर्ट करून डिफ (दोन फाईलींतला फरक दाखवणारी कमांड) लाव. काही फरक आला नाही म्हणजे एकही ओळ हरवली नाही, डबल पण झाली नाही. ताईंनी सांगितलेला गट नंबर दुसऱ्यांदा छापला जायचा प्रकार याच्यात लगेच पकडला जातो, म्हणून मी सेडवर ठाम आहे. साधन छोटं ठेवा, तपासणी वेगळी करा.

संत्रापट्टा_मोर्शी
डबल पकडल्या जाईल, मान्य. पण सरकलेल्या जोड्या नाही पकडल्या जात ना! ओळी त्याच, तेवढ्याच, फक्त चुकीच्या माणसाखाली. सॉर्ट केल्यावर दोन्ही फाईली सारख्याच दिसतील अन् पोरगं म्हणेन डिफ कोरा आला, लावा बोर्डावर. कोणती ओळ कोणाची हे ज्या साधनाले समजते त्यानंच ती हलवावी, अन् जिथं समजत नाही तिथं त्यानं ओळ नंबर दाखवून माणसाले विचारावं. ऑकमधे हे पहिल्याच दिवशी शिकवता येते. सेड मीही रोज वापरते, पण लोकांच्या नावाच्या यादीवर नाही.

चांदूरचा_जुना_ऑपरेटर
ताईचं बरोबर आहे. फक्त आकडे देवनागरीत टाइप केलेले असले तर शून्य ते नऊचा इंग्रजी पॅटर्न लागत नाही, सगळ्या ओळी नावंच समजल्या जातात. ऑक चालवायच्या आधी पहिल्या वीसेक ओळी हेड कमांडनं काढून डोळ्यानं पाहून घ्या.