काकाजींच्या जुन्या स्प्लेंडरले बॅटरी कोणती?

*काकाजी:* रामराम मंडळी. गाडीचा हॉर्न पुन्हा बसला. इंडिकेटर लावलं का एकदा पेटते अन् तसंच राह्यते, लुकलुकत नाही. आर्वीचा दुकानदार म्हणते बॅटरी बदला. त्याच्यापाशी तीन हायेत. एक पाण्याची, एक बंद डब्याची, अन् एक मोठी 9 एएचची (एएच म्हणजे बॅटरीत किती करंट मावते त्याचं माप). मोठी घ्या म्हणते, पाहा लागत नाही. कोणती घेऊ?

*पुतण्या (पुणे):* काकाजी, तिन्ही सोडा, लिथियम मागवतो मी ऑनलाइन. वजन एक-तृतीयांश, महिनोन् महिने चार्ज टिकतो. माझ्या मित्राने लावलीय, एकदम झकास.

*मोठी वहिनी:* हॉर्न नाही तर चालवूच नका ना बाप्पा. परवाच पुलगाव रोडवर रोही आडवा आला होता कोणाच्या तरी गाडीले.

*काकू:* मी तर केव्हाची सांगून राह्यली. रातच्या लाइनीत ओलिताले जातात, ब्रेक दाबला तरी मागचा लाल दिवा बी लागत नाही. मागून ट्रॅक्टर येते त्याले काय दिसन?

*जवाईबापू (वर्धा):* मामाजी, नमस्कार. आज काहीच विकत घेऊ नका. आधी साइड पॅनेल खोला अन् आत्ता लागलेल्या बॅटरीचा फोटो टाका. चारही बाजूंनी.

*काकाजी:* टाकला. बंद डब्याचीच हाये, मागच्याच्या मागच्या दिवाळीले घेतली होती. वर 12 व्होल्ट 2.5 एएच लिहिलं हाये.

*जवाईबापू (वर्धा):* फोटो मोठा करून पाहिला. डाव्या बाजूची भिंत बाहेर आली आहे, पॅनेलला घासल्याचा पांढरा ओरखडा बी दिसतो. ही बॅटरी म्हातारी होऊन मेली नाही, फुगून मेली. बंद डब्याची बॅटरी फुगते म्हणजे बहुतेक वेळा तिले जास्तीचा करंट जाऊन राह्यला. मले दाट शंका रेग्युलेटरची आहे, म्हणजे बॅटरीले जाणारा करंट आवरते त्या डबीची. तो बिघडलेला असन तर आर्वीच्या दुकानातली कोणतीही लावा, दोन-तीन महिन्यांत हाच फोटो पुन्हा टाका लागन.

म्हणून माझं म्हणणं, बॅटरीचा प्रकार मागून ठरवू, चार्जिंग आधी मोजू. मल्टिमीटर 20 व्होल्ट डीसीवर ठेवायचा. गाडी बंद असताना चांगल्या भरलेल्या बॅटरीवर 12.6 ते 12.8 दिसलं पाहिजे. गाडी चालू करून जरा रेस दिली का 14 ते 14.5 च्या आसपास यावं अन् तिथंच थांबावं. रेस वाढवली अन् आकडा 15 च्या पुढं गेला तर रेग्युलेटर गेला समजा. 13 च्या वर चढतच नसन तर मॅग्नेटोची (इंजिनावर वीज बनवते त्याची) कॉइल, वायर नाहीतर अर्थिंग पाहा लागते. पण हे फुगलेल्या बॅटरीवर मोजू नका. ती आतून खराब झाली का मीटर बी खोटं बोलते. मी रविवारी भरलेली बॅटरी अन् मीटर घेऊन येतो.

*पुतण्या (पुणे):* दाजी, मग लिथियमच बरी ना? तिच्यात अ‍ॅसिड नाही.

*जवाईबापू (वर्धा):* लिथियम वाईट नाही, या गाडीले ती बरोबर नाही. मोटारसायकलची लिथियम म्हणजे बहुतेक लिथियम आयर्न फॉस्फेट. मोबाइलच्या बॅटरीपेक्षा ती पुष्कळ शांत असते, हे खरं. पण तिले साधारण 14.6 व्होल्टच्या वर चार्ज चालत नाही. आत सर्किट असते, ते जास्त व्होल्टेज आलं का बॅटरी तोडून टाकते. धावत्या गाडीत बॅटरी सुटली का बिघडलेल्या रेग्युलेटरचा सगळा झटका बल्बवर अन् हॉर्नवर जाते. स्वस्त पॅकमध्ये ते सर्किट कसं असन, असन का नाही, डब्याबाहेरून कळत नाही. नव्या, चार्जिंग पक्कं असलेल्या गाडीले लाव बिनधास्त. पंचवीस वर्षांच्या वायरिंगवर अन् तेही मामाजींच्या मांडीखाली, मी लावू देणार नाही.

*पुतण्या (पुणे):* समजलं. आणि पाण्याची? जास्त करंट ती सहन करते असं ऐकलंय.

*जवाईबापू (वर्धा):* करते, कारण पाणी उडालं का वरून भरता येते. बंद डब्यात ती सोय नाही. जुन्या मेकॅनिक लोकांचा पाण्याच्या बॅटरीवर भरोसा आहे तो याच्यासाठीच, अन् तो खोटा नाही. पण ती बिघाड झाकते. जास्तीच्या करंटनं पाणी फुटते तेव्हा हायड्रोजन निघते, सोबत अ‍ॅसिडची वाफ. नळी निसटली का फ्रेमवर, चेनवर थेंब पडतात अन् तिथून गंज सुरू. आपल्याकडं उन्हाळ्यात पारा 45 च्या वर, गाडी दिवसभर धुऱ्यावर उभी. पंधरा दिवसांनी वरच्या-खालच्या रेषेत पाणी पाहा लागते, अन् डिस्टिल्डच पाहिजे, विहिरीचं नाही अन् फिल्टरचं बी नाही. कापूस वेचणीत हे कोण पाहणार?

*काकाजी:* नाही होत जवाईबापू. खरं सांगतो.

*जवाईबापू (वर्धा):* म्हणून चार्जिंग दुरुस्त झाल्यावर बंद डब्याचीच, एजीएमवाली. तिच्यात अ‍ॅसिड काचेच्या तंतूंच्या गादीत शोषलेलं असते, गाडी खड्ड्यात आदळली तरी सांडत नाही. साइझ कंपनीचीच, 2.5 एएच, किंवा डब्यात नीट बसत असन तर 3.

9 एएचवाली तर नकोच. ती सेल्फच्या मोठ्या गाडीची. तुमच्या डब्यात बसणार नाही, मग ट्यूबच्या रबरानं बांधून देतात, टर्मिनल लोखंडाले टेकलं का शॉर्ट. अन् या गाडीच्या मॅग्नेटोत तिले भरण्याएवढा जोर नाही. आठवडी बाजारापर्यंत जाऊन येण्यात एकदा उतरली का ती पुरी भरणं कठीण, अर्धवट राह्यली का प्लेटांवर सल्फेट बसन.

*लहाना दादा (दारव्हा):* जवाईबापू, माझ्या पाइंटवाल्या (जुन्या इग्निशनच्या) बुलेटले बी हाच नियम का?

*जवाईबापू (वर्धा):* मोजायचा नियम तोच. पण फरक ध्यानात ठेव. मामाजींची स्प्लेंडर बॅटरी मेली तरी किक मारली का चालू होते, स्पार्क थेट मॅग्नेटोवरून येते, हेडलाइट बी. म्हणूनच त्यांचं इतके दिवस चालून गेलं. तुझ्या पाइंटच्या गाडीत स्पार्कच बॅटरीवर. तिथं बॅटरी नरम म्हणजे गाडी रस्त्यात उभी. एएच कमी करू नको, अन् फ्यूज उडाला तर तार गुंडाळू नको, त्याच नंबरचा फ्यूज टाक.

*मोठी वहिनी:* मग दुकानात काय पाहून घ्यायची ते बी सांगा, नाहीतर देते तो जुनी माथी मारून.

*जवाईबापू (वर्धा):* बरोबर विचारलं. डब्यावर बनवल्याचा महिना असते, तो विचारायचा. वर्षभर पडून राह्यलेली नको. भरलेली असन तर दुकानातच मीटर लावायले सांगायचं, 12.6 च्या खाली असन तर परत. अ‍ॅसिडची पिशवी वेगळी असन तर अ‍ॅसिड भरल्यावर अर्धा तास तशीच ठेवायची, मग चार्जरवर. एएचच्या दहाव्या हिश्श्यानं, म्हणजे 2.5 च्या बॅटरीले पाव अँपिअर. घाईत गाडीवर लावून देतात अन् मग ती कधीच पुरा दम धरत नाही. वॉरंटी कार्डावर शिक्का अन् तारीख घ्या.

*काकाजी:* अन् तोपर्यंत ही फुगलेली? काढून तशीच दौडवू का गाडी?

*जवाईबापू (वर्धा):* नाही मामाजी. बिनाबॅटरीची चालवली का व्होल्टेज उड्या मारते, बल्ब जातील. अन् फुगलेलीवर चालवाल तर डबा तडकू शकते. रविवारपर्यंत गाडी उभीच ठेवा. बॅटरी काढताना आधी वजाची वायर, मग अधिकची. लावताना उलटं, वजाची शेवटी. विडी-काडी जवळ नको. हाताले ओल लागली तर भरपूर पाण्यानं धुवा, डोळ्याले हात लावू नका.

*काकू:* मी फेकून देऊ का ती उकिरड्यावर?

*जवाईबापू (वर्धा):* अजिबात नाही मामीजी. आत शिसं आहे, ते मातीत अन् मग विहिरीत जाते. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनी जुनी परत घ्यायची जबाबदारी कंपनीवर आहे. दुकानात परत दिली का नवीच्या भावातून रक्कम कापून मिळते. तोपर्यंत कोठ्यात उंचावर, पोरांचा हात पुरणार नाही तिथं ठेवा.

*पुतण्या (पुणे):* काकाजी, बॅटरी अन् रेग्युलेटरचे पैसे मी टाकतो. रेग्युलेटर ओरिजिनलच घ्या दाजी.

*काकाजी:* बरं. आत्ता खोलतो अन् काढून ठेवतो. आजच्या ओलिताले शेजाऱ्याच्या गाडीवर जाईन. जवाईबापू, रविवारी सकाळीच या.