हरियाल बिया दळतो, रुजवत नाही

वडाच्या बिया हरियाल, म्हणजे हिरवं कबूतर, पसरवतो असं म्हटलं जातं, ते पटत नाही. फळं तो भरपूर खातो, पण त्याची पेषणी, म्हणजे पोटातली अन्न दळणारी स्नायूंची पिशवी, दणकट असते. गिळलेल्या खड्यांनी ती बिया दळून टाकते, शाबूत फार थोड्या बाहेर पडतात. श्रेय द्यायचंच तर बुलबुल, तांबट, कोकीळ आणि वटवाघळांना द्या.

गेल्या मार्चमध्ये ठाण्यातल्या येऊर डोंगराच्या पायथ्याशी वडाखाली उभा होतो. पक्षी एकही दिसेना, नुसती फळं टपटप पडत होती. मग पानांआड एक पिवळाजर्द पाय सरकला, तिथे नजर ठरली आणि बघता बघता चौदा मोजले! इतका बेमालूम मिसळतो हा आपला राज्यपक्षी. उन्हं वर आल्यावर थवा उडाला, तेव्हा कळलं, आत आणखी तितकेच होते.